छोट्याच्या अंगावर ताईचं माप

आत्यांना सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर घरातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात देऊन टाकलं होतं: दुसऱ्याने.

गाडी संध्याकाळी येणार होती. बाहेरगावी राहणाऱ्या काकांनी व्यवस्था चोख केली होती. गावाबाहेरचं शुश्रूषाकेंद्र, झाडं दिसणारी खिडकी, उठता-बसता हाताशी नर्स. भाऊंनी मान डोलावली होती. सासूबाईंनी आत्यांच्या कपड्यांची पिशवी भरून ती स्वतःच्या कपाटात, हिवाळी पांघरुणांच्या मागे दडवली होती. आणि काकू सकाळपासून ‘थोडी हवापालट’ हे शब्द इतक्या वेळा म्हणाल्या होत्या, की ऐकणाऱ्याला वाटावं आत्या समुद्रकाठी पोहायला निघाल्यात. फक्त आत्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. भाऊंना वाटलं, बायकोने सांगितलं असेल. सासूबाईंना वाटलं, पाठचा भाऊ आहे, तो सांगेल. काकांचं म्हणणं, एवढी धावपळ आपण केली, निदान तोंड उघडायचं काम तरी इथल्यांनी करावं.

या घराण्याची ही जुनी खोड. नको ती गोष्ट तोंडाने बोलायचीच नाही. काकांचं पहिलं लग्न मोडलं, ते भाऊंना काकांच्या दुसऱ्या लग्नाचं आमंत्रण आल्यावर कळलं होतं, आणि तेव्हाही भाऊंनी ‘अरे वा’ एवढंच म्हटलं होतं.

धाकटी हे सगळं दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, कडेवर आपल्या तान्हीला, मुटकुळीला घेऊन बघत होती. भाऊ आणि सासूबाईंची ती एकच सून, तरी नाव धाकटी. घरातल्या मोठ्यांत सगळ्यात लहान तीच म्हणून. नवरा कामासाठी परगावी, आणि कडेवरच्या मुलीला नुकतेच दोन दात आलेले. त्या दातांनी ती सध्या धाकटीच्या खांद्याची चव घेत होती. ‘गाडी आल्यावर तरी सांगणार का?’ असं विचारावं म्हणून धाकटीने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. लग्नाला दोनच वर्षं झाली होती, पण घराण्याचं वळण अंगात भिनायला तेवढी पुष्कळ झाली.

आणि वासाबद्दल तर चकार शब्द काढायचा नव्हता.

आत्या म्हणजे भाऊ आणि काकांची थोरली बहीण. आयुष्यभर शिलाईयंत्रावर बसून त्यांनी या दोघांना वाढवलं, शिकवलं, त्यांना शर्ट शिवले आणि वेळप्रसंगी त्याच शर्टाच्या कॉलरला धरून चोपलंही. त्यांच्या डाव्या छातीचा कर्करोग आता औषधांना जुमानत नव्हता. ‘बरं करणं आता हातात नाही, बरं वाटेल एवढं बघू,’ असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाठ कातडी फोडून वर आली होती, तिची जखम झाली होती. जखम ठणकायची, झिरपायची, आणि तिला वास यायचा. साधासुधा नाही. दारातच माणसाला थबकायला लावणारा.

तर हा वास कुणालाही येत नव्हता. फक्त भाऊंनी आत्यांच्या पलंगाखाली गुपचूप कॉफीच्या पुडीची वाटी ठेवली होती. सासूबाईंनी उशीच्या अभ्र्यात संत्र्याच्या वाळक्या साली शिवल्या होत्या. काकूंनी आल्या आल्या भिंतीत एक सुगंधी यंत्र खुपसलं होतं, ते अधूनमधून आपलं आपण ‘फुस्स’ करायचं. काकांनी दाढीनंतर लावायचं लोशन टेबलफॅनच्या पात्यांना चोळलं होतं. आणि धाकटीने कपाटामागे डांबरगोळ्या टाकल्या होत्या. कुणी कुणाला बोललं नाही. परिणाम असा, की खोलीत पाऊल टाकलं की वाटे, एखादा न्हावी फळांच्या गाडीवर बसून कॉफी पितोय आणि मागे कुणीतरी दहा वर्षांचं बंद कपाट उघडलंय. आणि एवढ्या सगळ्यातून तो मूळचा वास शांतपणे वर यायचाच, गर्दीतून वाट काढणाऱ्या उंच माणसासारखा.

धाकटीचं आणखी एक होतं. गेले काही आठवडे मुटकुळीला तिने आत्यांच्या खोलीत नेलंच नव्हतं. आत्यांनी विचारलं की एक तर ती झोपलेली असे, नाहीतर तिला सर्दी झालेली असे, नाहीतर नुकतंच दूध प्यायलेली असे. ‘ही मुलगी आहे की अस्वल?’ आत्या एकदा म्हणाल्या होत्या. ‘सारखी झोपते!’ धाकटी हसली होती आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने पुन्हा एकदा हात धुतले होते. धुऊन धुऊन बोटांची सालं निघायला आली होती. हे एकाचं दुसऱ्याला लागतं का, हे डॉक्टरांना विचारायचं तिच्या ओठांवर यायचं. पण विचारलं तर आपण असा विचार करतो हे सगळ्यांना कळेल, म्हणून ती फोनमध्ये वाचायची. फोनमध्ये तर काय, वाचावं तेवढं कमी आणि भ्यावं तेवढं थोडं.

दाराची घंटी वाजली. काका ताडकन उठले. पण गाडी नव्हती, सिस्टर होत्या. जिना चढून धापा टाकत, हातातली पिशवी खुर्चीवर आपटत त्यांनी आधी पाणी मागितलं, मग म्हणाल्या, “हे बघा, आजपासून औषध बदललंय. आणि मला आता आठवड्यातून दोनदाच जमेल. रोजचं ड्रेसिंग घरच्यांनी करायचं. कोण शिकतंय?”

सगळ्यांच्या नजरा एकदम खाली गेल्या. भाऊंना पायपुसण्यात काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

काकांनी घसा खाकरला. आवाज खाली आणून म्हणाले, “सिस्टर, तसं बघता आता त्याची गरज पडणार नाही...”

“अगं बाई!” सिस्टरांनी छातीवर हात नेला. “गेल्या?”

“नाही गं, आहे अजून!” आतून आत्यांचा खणखणीत आवाज आला. “ये आत. आणि शिकायला माझ्या भावजयीला आणू नकोस. ती भांडं धरून भिंतीकडे तोंड करते. कॅलेंडरमधल्या पुढच्या सगळ्या सुट्ट्या पाठ झाल्यात तिला. धाकटीला आण.”

सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि तो ऐकू गेला असेल या भीतीने लगेच खोकल्या. काकांनी धाकटीला डोळ्यांनी खुणावलं, ‘जा, तासाभराचा तर प्रश्न आहे.’ काकूंनी हात पुढे केले आणि मुटकुळीला घेतलं, पण ते गरम पातेलं चिमट्याशिवाय उचलावं तसं.

आत गेल्यावर सिस्टरांनी नाकाने दोनदा हुंगलं. “तुमच्याकडे अत्तरांचा कारखाना आहे का हो?”

कुणीच उत्तर दिलं नाही. कारण खोलीत धाकटी आणि आत्या दोघीच होत्या, आणि दोघीही त्याच घरातल्या.

“गोळी घेतली?”

“मघाशीच. तू शिकवल्याप्रमाणे, अर्धा तास आधी,” आत्या म्हणाल्या. “आता कशी तरंगतेय बघ. हात धुतलेस का गं, धाकटे?”

धाकटी हात धुण्यात या घराची नव्हे, सगळ्या गल्लीची अव्वल होती. तिने हातमोजे चढवले. सिस्टरांनी कोमट सलाईनने जुनं गॉज भिजवलं आणि नुसत्या बसून राहिल्या.

“काढायचं नाही?” धाकटीने विचारलं.

“ओढून नाही. हे चिकटलेलं असतं. ओढलं तर रक्त येतं, आणि ह्या शिव्या देतात. त्याला आपण होऊन सुटू द्यायचं. भांडलेल्या नवऱ्यासारखं.”

गॉज सुटलं. धाकटीने बघितलं. मनात ठरवलं होतं की बघायचं नाही, पण कॅलेंडर नेमकं तिच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं. जखम फुलकोबीच्या गड्ड्यासारखी उमललेली, मध्ये काळपट, कडेला लाल, काखेपर्यंत पसरलेली. आणि वास. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पलंगाची कड धरली.

“बस खाली,” आत्या म्हणाल्या. “माझ्या अंगावर पडू नकोस फक्त. सिस्टर एकटी आहे, दोघींना उचलायची कशी?”

धाकटी स्टुलावर टेकली. आणि बहुधा डोकं हलकं झाल्यामुळे, इतके दिवस न विचारलेलं तिच्या तोंडून निसटलं. “सिस्टर, हे... बाळाला लागतं का?”

सिस्टर काम न थांबवता म्हणाल्या, “कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मांडीवर बसून नाही, पापा घेऊन नाही, कशानेच नाही. जखमेत जंतू असतात, वास त्यांचाच. म्हणून हातमोजे, म्हणून हात धुवायचे, घाण पिशवीत बांधून टाकायची. जखम झाकलेली असली की पोर उजव्या बाजूला खुशाल बसू दे.”

“म्हणजे अस्वल जागं होणार तर,” आत्या छताकडे बघत म्हणाल्या.

धाकटीचे कान तापले. तिला वाटलं, आता जमीन फाटावी. पण जमीन दुसऱ्या मजल्याची होती, खाली पडलं तर शेजाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर पडणार. म्हणून तिने मान खाली घालून विचारलं, “पुढे काय करायचं?”

पुढे पुष्कळ होतं. सलाईनची हलकी धार, घासायचं नाही. भोवतालच्या चांगल्या कातडीला मलम. डॉक्टरांनी नव्याने दिलेल्या औषधाची बारीक पूड जखमेवर, वासाच्या जंतूंसाठी. “पहिल्या दिवशी फरक दिसणार नाही, धीर धरा.” मग न चिकटणारी जाळी, त्यावर झिरपणं टिपणारा जाड थर, आणि सगळ्यात वर कोळशाचा पॅड. “हा ओला होऊ द्यायचा नाही, ओला झाला की संपला. आणि कधी रक्त आलंच तर किंचाळायचं नाही. गडद रंगाचा स्वच्छ रुमाल दाबून धरायचा, आणि मला फोन.”

इथपर्यंत सगळं ठीक चाललं. गाडं अडलं ते पट्टी बांधताना. चिकटपट्टीने कातडी सोलायची, म्हणून सिस्टरांनी लांबच लांब बँडेज छातीभोवती गुंडाळायला घेतलं. एक वेढा, दोन वेढे, खांद्यावरून, काखेतून. आत्या हात वर करून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा दर वेढ्याला आंबट होत होता.

“ही काय तऱ्हा झाली? काखेत चोळामोळा, पाठीत ढगळ. अगं, मुंढा कुठाय याला? जिथे हात बाहेर येतो तिथे गोलाई नको? पार्सल बांधतेस की माणूस? दुपारी पंख्याखाली उठून बसले की हे सगळं पोटावर येतं. म्हणून तर झिरपतं, म्हणून तर कपडे खराब होतात!”

“आत्या, मी नर्स आहे, शिंपी नाही.”

“मी आहे ना!”

आणि जी बाई चार दिवस पलंगावरून स्वतःहून उठली नव्हती, ती पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसली. “धाकटे, माझी मोठी कात्री आण. खडू, टाचण्या. जुनी सुती चादर, धुऊन मऊ झालेली. कडेला बंध बांधायची बंडी शिवायची. पुढून उघडेल, खांद्यावर बांधता येईल, दाब सारखा पडेल. ओढायला नको, सोलायला नको. इतकी वर्षं दुसऱ्यांना बेतून दिलं, शेवटी स्वतः पार्सलमध्ये बसू का?”

“पण तुम्हाला उभं राहवणार नाही इतका वेळ,” धाकटी म्हणाली. “आणि टाचण्या? तिथे?”

आत्यांनी तिच्याकडे खालून वर पाहिलं. “तुझ्यावर बेतली तर बंडी काडीला होईल. मला माझ्या मापाचं माणूस पाहिजे.” मग दाराकडे वळून त्यांनी हाक दिली, ती थेट रस्त्यावर गेली असावी. “छोट्याऽऽ!”

छोट्या म्हणजे काका. साठी उलटलेले, ढेरपोटे, त्यांच्या कचेरीत चपराशी त्यांच्यासमोर बसत नसत. ते दारात आले.

“शर्ट काढ.”

“काय?”

“तुझी छाती आणि माझी छाती एका मापाची. दोघांना बापाची मिळालीय. पहिलीपासून तुझे शर्ट मी शिवलेत, मला सांगू नकोस. काढ.”

काकांनी घड्याळाकडे बघितलं, मग बाहेर भाऊंकडे. भाऊंनी हळूच मान हलवली, ‘राहा उभा, तेवढ्यात गाडी येईल.’ आणि आयुष्यभर जे झालं तेच आजही झालं. ताईने सांगितलं आणि छोट्याने ऐकलं.

खोलीत जागा पुरेना म्हणून सगळी वरात दिवाणखान्यात आली. आत्यांना आरामखुर्चीत उशा रचून उंच बसवलं, काकांना त्यांच्यासमोर बैठ्या स्टुलावर उभं केलं. भाऊ चादर फाडू लागले. ताईचं काम करायला मिळालं या आनंदात त्यांनी दोन चादरी फाडल्या, त्यातली एक नवीन होती. सासूबाईंनी ते बघून ‘अहो!’ म्हटलं. सासूबाई आणि काकू या दोघी सकाळपासून एका पक्षात होत्या, पण नवी चादर काकूंनी भेट दिलेली होती, आणि ‘एवढी साधी वाटली का ती तुम्हाला?’ या काकूंच्या प्रश्नावर त्या पक्षात पहिली फूट पडली.

“डावीकडे फुगीर पाहिजे,” आत्या तोंडातल्या टाचण्यांच्या फटीतून म्हणाल्या. “वरून तीन थर येतात. धाकटे, काहीतरी भर घाल तिथे.”

धाकटीने इकडेतिकडे बघितलं. दोरीवर मुटकुळीची कुंची आणि मोजे वाळत होते, आणि भाऊंचा लोकरी पायमोजा. तिने पायमोज्याचा गोळा केला आणि काकांच्या डाव्या छातीवर, चादरीच्या आत सरकवला.

“ताई, हे जरा...”

“हलू नकोस. टोचेल. श्वास सोड. छोट्या, पोट आत घेऊ नकोस, मला खरं माप पाहिजे.”

काकांनी श्वास सोडला. स्टूल करकरलं. मुटकुळी काकूंच्या हातात खदखदून हसली आणि काकूंना पहिल्यांदाच त्या पातेल्याचं कौतुक वाटलं. त्यांनी तिला छातीशी धरलं. मुलीने लगेच त्यांच्या गळ्यातल्या मण्यांची चव घेतली.

आत्यांची खडूची रेघ सरळ जात होती. काखेखालून गोलाई, खांद्यावर दोन बंध, कडेला तीन. सिस्टर चहा घेत बाजूला उभ्या होत्या, त्या मध्येच म्हणाल्या, “खालचा बंध सैल ठेवा हं, श्वास घ्यायला,” आणि आत्यांनी तो पुसून पुन्हा आखला. धाकटी टाचण्या देत होती. मघाशी दारातून वळणारी माणसं आता आत्यांच्या भोवती घोळका करून उभी होती, आणि कुणाच्या ते लक्षात आलेलं नव्हतं.

तेवढ्यात घंटी वाजली.

कुणी काही बोलण्याआधी सासूबाईंनी सवयीने दार उघडलं. दारात पांढऱ्या कपड्यातला ड्रायव्हर, हातात घडीची चाकाची खुर्ची. त्याने आत नजर टाकली. स्टुलावर उघडा माणूस, अंगावर फाटक्या चादरीचा तुकडा, छाती एका बाजूने भयंकर सुजलेली, कपाळावर घाम, डोळे भेदरलेले. ड्रायव्हरचा चेहरा दयेने मऊ झाला. त्याने खुर्ची उघडली आणि थेट काकांपाशी आणली.

“चला काका. घाबरू नका. आमच्याकडे सगळे छान बरे... छान राहतात. हळू उतरा, मी धरतो.”

“अहो, मी नाही!”

“सगळे असंच म्हणतात पहिल्यांदा,” ड्रायव्हर मायेने म्हणाला आणि त्याने काकांना कमरेला धरलं. टाचणी टोचली. काका ओरडले. ड्रायव्हरने मागे वळून भाऊंना दटावलं, “वेदना फार आहेत वाटतं. काही दिलंय की नाही?”

काकूंना हसू फुटलं. मग सिस्टरांना. मग सासूबाईंना, भिंतीकडे तोंड करून. फक्त आत्या हसल्या नाहीत. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला खोचल्या.

“ही गाडी कुणासाठी बोलावली?”

हसू विझलं.

“मला वाटलं भाऊने तुला सांगितलं,” स्टुलावरून काका म्हणाले.

“मला वाटलं हिने,” भाऊ म्हणाले.

“मी कशी सांगणार, मी बाहेरून आलेली!” सासूबाई म्हणाल्या. त्यांना बाहेरून येऊन तेहतीस वर्षं झाली होती.

“म्हणजे सगळ्यांना माहीत. मी सोडून.” आत्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “का पाठवताय?”

“थोडी हवापालट...” काकू पुटपुटल्या.

“इथल्या हवेला काय झालंय?”

आतल्या खोलीतून, उघड्या दारातून, यंत्राने तेवढं उत्तर दिलं. फुस्स.

धाकटीने मुटकुळीकडे बघितलं, भाऊंच्या खाली घातलेल्या मानेकडे बघितलं. आत्या तिच्याकडेच बघत होत्या. ती नजर चुकवायला या घरात तिला शिकवलं होतं, आणि मघाशी एक प्रश्न निसटला होता तेव्हापासून ते शिक्षण जरा कच्चं पडलं होतं.

“वास येतो, आत्या,” ती म्हणाली. “जखमेचा. खूप येतो.”

सासूबाईंच्या हातातली कपबशी खणकन वाजली. भाऊंनी डोळे मिटले. आता काय कोसळतंय म्हणून सगळे छताकडे बघू लागले.

“मग मला काय येत नाही?” आत्या म्हणाल्या. “नाक त्याच्या अगदी वर आहे माझं! तुमच्यापर्यंत जाऊ नये म्हणून काय काय केलं मी...” त्यांनी पदराची गाठ सोडली आणि एक अंघोळीच्या साबणाची वडी काढली. मग दुसरी, कमरेकडून. कागदासकट. “गादीखाली आणखी चार आहेत. मला वाटलं तुम्हाला कुणालाच कळलं नाही. खोलीत कॉफीचा, संत्र्याचा वास येतो, तर म्हटलं सुनेला पुन्हा दिवस गेलेत, हिला डोहाळे लागलेत, आणि नेहमीसारखं कुणी सांगत नाहीये!”

मग मात्र बांध फुटला. भाऊ गेले आणि कॉफीची वाटी घेऊन आले. सासूबाईंनी उशी आणून उसवली. काकूंनी यंत्र उपटून आणलं, ते हातात एकदा शेवटचं फुसफुसलं. धाकटीने डांबरगोळ्या गोळा केल्या. टेबलावर सगळा बाजार मांडला गेला. “आणि पंख्याला काय लागलंय?” सिस्टरांनी विचारलं. स्टुलावरचा माणूस म्हणाला, “ते माझं लोशन.”

“छोट्या,” आत्या म्हणाल्या, “तुलाही नकोशी झाले मी?”

काका खाली उतरू शकत नव्हते. हात बाजूला धरलेले, चौफेर टाचण्या. तोंड लपवायलाही हात मोकळे नव्हते. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, तसा तो लहानपणी व्हायचा असावा. “बघवत नाही गं, ताई. म्हणून. तुला नाही पाठवत होतो, मीच पळत होतो.”

“मग बघू नकोस. डोळे मीट आणि उभा राहा. तेवढं तुला येतं.” त्यांनी पुन्हा टाचणी उचलली, पण टोचली नाही. “मला इथेच राहायचंय. पण रोजचं कोण करणार, ते तोंडाने बोला. मनातल्या मनात नको.”

“मी,” धाकटी म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. म्हणून घाईघाईने पुढे बोलली. “पण एकटी नाही. ड्रेसिंग मी करीन. आई,” ती सासूबाईंकडे वळली, “त्या वेळी मुटकुळीला तुम्ही बघायचं, आणि आंबट तोंड न करता. भाऊ, कपडे गरम पाण्यात तुम्ही भिजवायचे. आणि काका, तुम्ही दर महिन्याला यायचं. माप बदललं तर.”

“मला ड्रेसिंग शिकवा,” भाऊ अचानक सिस्टरांना म्हणाले. “हिला बरं नसेल त्या दिवशी.” भाऊ एका दमात इतकं बोललेले काकूंनी कधी ऐकलं नव्हतं.

“मग नक्की न्यायचं कुणाला?” ड्रायव्हरने विचारलं. रिकामी खुर्ची परत नेणं त्याच्या जिवावर आलं होतं.

काकूंनी विचार केला. “गाडी आलीच आहे तर आम्हाला स्टँडपर्यंत सोडा.”

“मी खुर्चीत बसणार नाही,” काका म्हणाले.

बंडी अंधार पडायच्या आत शिवून झाली. आत्यांनी टीप मारली नाही, ते काम सासूबाईंनी केलं, आणि आत्यांनी बाजूला बसून प्रत्येक टाक्याला नाव ठेवलं. एकंदरीत घर पूर्वपदावर आलं.

पहिले काही दिवस वास होताच. धाकटी गॉज भिजवून त्याला सुटू द्यायची, वाट बघताना आत्या तिला घरातल्या न सांगितलेल्या गोष्टी सांगायच्या, आणि त्या इतक्या होत्या की गॉज आधी सुटायचं. एकदा थोडं रक्त आलं. धाकटी किंचाळली नाही, किंचाळले भाऊ. रुमाल दाबून धरला, ते थांबलं.

आठवडा उलटायच्या आत एका सकाळी ड्रेसिंग झालं, बंध बांधून झाले. धाकटीने हात धुतले, नेहमीपेक्षा एकदाच कमी.

“खरं सांग,” आत्या म्हणाल्या. “येतोय?”

“येतोय. पण आधी दारातून यायचा. आता खुर्चीपर्यंत आल्यावर येतो.”

“हं. खुर्चीच्या अलीकडे, माझ्याजवळ, येतंय तरी कोण?”

धाकटी बाहेर गेली, सासूबाईंकडून मुटकुळीला घेतलं आणि आत आणून आत्यांच्या उजव्या बाजूला, दंडाच्या घडीत बसवलं. मग सवयीने दोन हात पुढे धरून उभी राहिली, पडली तर, घाबरली तर, रडली तर. मुटकुळी रडली नाही. तिने आत्यांचं नाक मुठीत धरलं, दोन दात दाखवले, चेहरा लालबुंद करून क्षणभर फार गंभीर झाली, आणि मग एकदम निवांत.

धाकटीच्या नाकाशी काहीतरी आलं. ती गडबडली. कोळशाचा पॅड ओला झाला? बंध सुटला? तिने आत्यांकडे बघितलं, आत्यांनी तिच्याकडे. आत्यांनी हुंगलं, मान वाकवून नीट शहानिशा केली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू कोर्टातून निर्दोष सुटल्या.

“भाऊऽऽ!” त्यांनी रस्त्यावर ऐकू जाईल अशी हाक दिली. “सगळे या रे आत! वास येतोय! आणि या वेळी मी नव्हे!”